मसाल्याच्या डब्यातली अर्धी गोळी

माझ्या बहिणीची अर्धी गोळी मी कापायचो. डॉक्टरांनी तिला रात्री दीड गोळी लिहून दिली होती, आणि घरात सरळ कापणारा हात माझाच म्हणून ते काम माझ्याकडे आलं होतं. ती अर्धी मी हळूहळू लहान करत गेलो. कुणाला विचारलं नाही, कुणाला सांगितलं नाही. तिच्या भल्यासाठीच करतोय अशी माझी समजूत होती. ही माझी चूक, आणि तिचे परिणाम भोगले तिने. पण गोळी कापली तेव्हा मी विशीतला होतो, अक्कल नव्हती, असं म्हणून स्वतःला थोडंफार सोडवता येतं. त्यानंतर एका दुपारी दवाखान्याच्या बाकावर सुमीने मला एक साधा प्रश्न विचारला आणि मी त्याचं तितकंच साधं उत्तर दिलं. त्या उत्तरातून मला सुटता आलं नाही. तीही त्यात अडकून राहिली, आणि आपण कशात अडकलोय हे तिला माहीतसुद्धा नव्हतं.

आम्ही तेव्हा निगडी गावठाणात हौसाक्कांच्या खोल्यांमध्ये राहत होतो. हौसाक्का मूळ गावातल्या. त्यांची शेती प्राधिकरणाच्या नव्या वसाहतीत गेली होती आणि उरलेल्या तुकड्यावर त्यांनी एका ओळीत पत्र्याच्या खोल्या काढल्या होत्या. पुढे लांब ओटा, ओट्याच्या टोकाला नळ आणि सगळ्यांत मिळून दोन न्हाण्या. मागच्या भिंतीला लागून कुणाचंतरी छोटं वर्कशॉप होतं. तिथला प्रेस दिवसभर धाड धाड करत चालायचा आणि प्रत्येक धाडीला आमच्या फळीवरची भांडी किणकिणायची. पाहुणे दचकायचे, आम्हाला ऐकूही यायचं नाही. उलट गुरुवारी, एमआयडीसीच्या सुट्टीच्या दिवशी, प्रेस बंद असला की घरात काहीतरी बिघडल्यासारखं वाटायचं. आमचे अण्णा लातूरकडचं गाव सोडून भोसरीत कामाला लागले होते, पण आई गाव बरोबर घेऊन आली होती. सकाळी ज्वारीची भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी, संध्याकाळी येसराची, म्हणजे भाजून दळलेल्या मसाल्याच्या पिठाची, आमटी. वर्षाचा येसर भाजायला काढला की सगळी ओळ शिंकायची आणि हौसाक्का पदर नाकाला लावून ओरडायच्या, "आगं बया, माणसं मारती का काय लातूरची!" मग सगळ्यात आधी वाटी घेऊन त्याच यायच्या.

सुमी माझ्याहून तीन वर्षांनी लहान. जात्याच हुशार, आणि हुशारी लपवावी असं तिला कधी वाटलं नाही. गुरुवारी दुपारी वीजही जायची, मग पत्र्याखाली कुणी थांबायचं नाही. ओट्यावर बाया, पोरं, सुट्टीवरची माणसं बसायची आणि गाण्याच्या भेंड्या रंगायच्या. सुमी ज्या बाजूला, ती बाजू जिंकणार हे ठरलेलं. समोरच्यांचं गाणं संपायच्या आत तिचं सुरू झालेलं असायचं. भांडणं व्हायची ती सुमी कुणाकडे यावरून. अण्णा फार बोलणारे नव्हते, पण त्या वेळी दाराशी पाटावर बसून ते नुसते तिच्याकडे बघत राहायचे. हिला इंजिनिअर करायचं हे त्यांनी मनात पक्कं केलं होतं. मी आयटीआय करून चाकणला एका कारखान्यात टर्निंगच्या मशीनवर लागलो होतो. माझ्याकडून त्यांची तेवढीच अपेक्षा होती आणि मला त्याचं वाईटही वाटत नव्हतं. सुमी माझीही होती.

अकरावीच्या सुट्टीत तिला पहिली फीट आली. तव्यावर भाकरी टाकताना ती आडवी झाली. आई किंचाळली, हौसाक्का चप्पल घेऊन धावल्या आणि ती नाकाशी धरली. मी ओट्यावर दाढी करत होतो, तो अर्ध्या फेसानिशी आत आलो. महिन्याभरात आणखी दोन आल्या. मग डॉक्टर झाले, डोक्याला वायरी लावून कागदावर रेघा काढून झाल्या आणि गोळ्या सुरू झाल्या. सकाळी एक, रात्री दीड.

फीट थांबल्या. हे मला आधी लिहायला हवं, कारण पुढे जे लिहिणार आहे त्यात गोळी वाईट होती असं वाटेल. गोळीने आपलं काम केलं होतं. पण घर बदललं. सुमीने चुलीशी जायचं नाही, गॅसलाही हात लावायचा नाही. नळावर एकटीने उभं राहायचं नाही. आईच्या आणि तिच्या झोपण्यात हातभराचंही अंतर नको. कॉलेजला जाताना बरोबर शेजारची मुलगी हवीच. न्हाणीची आतली कडी अण्णांनी हौसाक्कांना विचारून काढून टाकली. वयात आलेली मुलगी बिनकडीच्या न्हाणीत अंघोळ करणार, म्हणून आई बाहेर दाराला पाठ लावून बसायची. आणि आत सुमीने गात राहायचं असा नियम होता. गाणं थांबलं की आई दार ढकलणार. सुरुवातीला सुमी मुद्दाम मोठ्याने, खट्याळ गाणी म्हणायची आणि ओट्यावरच्या बाया हसायच्या. नंतर नंतर आतून गाणं येईनासं झालं. पाढे यायला लागले. एकोणीसचा, तेवीसचा. एकदा मी विचारलं, "गाणी संपली काय गं?"

"मध्येच शब्द जातात रे दादा. मग थांबलं की आई आत येते," ती म्हणाली. "पाढ्यात थांबावं लागत नाही."

हे तिने अगदी सहज सांगितलं. मी मात्र ते बरोबर घेऊन चाकणच्या बसमध्ये बसलो आणि तळवडं येईपर्यंत मनातल्या मनात तेवीसचा पाढा म्हणत राहिलो.

मग मी बघायलाच लागलो. आणि बघायला लागलं की सगळीकडे तेच दिसतं. ती बोलता बोलता थांबायची, "ते हे... आपलं... ते" म्हणत हाताने हवेत आकार काढायची, मग शब्द सापडायचा, 'चाळणी'. पुस्तकाचं एकच पान तिच्यासमोर बराच वेळ उघडं असायचं. हिरड्या सुजायच्या, डोळ्यांवर झापड असायची. मी डॉक्टरांना विचारलं नाही असं नाही. एका फेरीत धीर करून म्हणालो, "ती जरा मंद झाल्यासारखी वाटते." त्यांच्या दारात बरीच गर्दी होती. ते म्हणाले, "होतं थोडं. सवय होईल. फीट आलेली चालेल का? पुढच्या वेळी बघू." बाहेर आल्यावर आई माझ्यावर तडकली, "डॉक्टरला शिकवायलास व्हय? लेकरू उभं हाय आज, त्याच्यातच सगळं आलं." पुढच्या फेरीला मी पुन्हा विचारलं नाही. आज कळतं की पुन्हा, तिसऱ्यांदा, चौथ्यांदा विचारायला हवं होतं. गोळी बदलता येते, डोस रक्त तपासून बसवता येतो. पुढे सुमीची गोळी बदललीच, आणि ती झापड गेलीही. पण आम्ही अशी माणसं की डॉक्टरांना दुसऱ्यांदा विचारणं म्हणजे उद्धटपणा, आणि त्यांच्या माघारी आपल्या मनाचं करणं म्हणजे काहीच नाही.

गुरुवारच्या भेंड्यांत ते सगळ्यांनाच दिसलं. सुमीवर अक्षर आलं आणि ती थांबली. ओठ हलत होते. समोरच्या बाजूने एक, दोन, तीन मोजायला सुरुवात केली. "थांबा, थांबा, येतंय," ती म्हणाली. तेवढ्यात पलीकडच्या खोलीतला एक मुलगा ओरडला, "अरे, लाइट आली तरी आमची ट्यूबलाइट काही पेटंना!" सगळा ओटा हसला. सुमीही हसली. हौसाक्का तेवढ्या हसल्या नाहीत. आईच्या कानाशी लागून, पण सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात त्या म्हणाल्या, "पोरगी पार सुस्तावली गं. त्या गोळ्यांनी डोस्कं बधिर व्हतं म्हणत्यात. बारावीला कसं व्हायचं तिचं?" अण्णा पाटावरून उठले आणि आत गेले. त्यानंतर दर गुरुवारी सुमी म्हणायची की तिला अभ्यास आहे.

आता माझ्या कामाबद्दल थोडं सांगितलं पाहिजे. मी मशीनवर गाडीच्या गिअरचे शाफ्ट करायचो. टूल झिजत जातं तसा पीस हळूहळू मापाबाहेर सरकतो. मग मशीनला ऑफसेट द्यायचा, म्हणजे आकड्यात किंचित फरक करायचा. पुढचा पीस काढायचा, गेजमध्ये, म्हणजे माप तपासायच्या साच्यात, घालून बघायचा. बसला तर ठीक, नाही तर आणखी किंचित. मला शिकवणारा ऑपरेटर सोलापूरचा होता, तो म्हणायचा, "घाई करायची नाही, भावा. एकदम दिलास तर पीस गेला. थोडं थोडं दे, मशीनला कळत पण नाही." हे वाक्य मला फार पटलं होतं. माझ्या हाताला त्या कामात जम बसला होता आणि वीस वर्षांच्या मुलाला एका गोष्टीत जम बसला की सगळं जग त्याच गोष्टीसारखं दिसतं.

गोळ्या भरायचं काम गुरुवारी माझ्याकडे असायचं. आईचा जुना, मसाल्याचा गोल डबा होता, आत सात वाट्या. त्या वाट्या आठवड्याच्या सात दिवसांच्या झाल्या. गुरुवारपासून बुधवारपर्यंत, प्रत्येक वाटीत अडीच गोळ्या. डबा कितीही घासला तरी मोहरीचा वास जात नव्हता, आणि सुमी म्हणायची, "माझ्या गोळीला फोडणी दिलीये." मी दाढीच्या नव्या ब्लेडने गोळी मधोमध कापायचो. त्या ट्यूबलाइटच्या गुरुवारनंतर मी ब्लेड मध्यापासून केसभर सरकवलं. पुढच्या गुरुवारी आणखी केसभर. मोठा तुकडा मी नळाखाली सोडून द्यायचो, लहान वाटीत. आणि गेज म्हणून मी सुमीलाच वापरलं. संध्याकाळी जेवताना तिला सहज विचारल्यासारखं विचारायचो, सतरा सक्के किती, फळांची नावं सांग बरं पटापट, आज केमिस्ट्रीत काय झालं. ती सांगायची. मला वाटायचं, मागच्या आठवड्यापेक्षा लवकर सांगितलं. खरंच लवकर सांगत होती की मला तसं ऐकायचं होतं, हे मला आजही माहीत नाही.

एकदा तिने वाटी पुढे धरली. "दादा, आजची अर्धी लहान दिसते."

"ब्लेड घसरलं," मी म्हणालो.

"मग ते बाकीचं कुठंय?"

"पडलं खाली. घे आता, जेवण गार होतंय."

तिने घेतली. माझ्यावर तिचा एवढा भरवसा होता की तिला पुढचं विचारावंसं वाटलं नाही.

महिन्यादीड महिन्यात ती पुन्हा ओट्यावर आली. भेंड्या खेळली, आणि जिंकली. त्या मुलाला म्हणाली, "काय रे, तुझा फ्यूज उडाला का?" ओटा पुन्हा हसला, आणि या वेळी अण्णा पाटावरून उठले नाहीत. त्या रात्री जेवताना त्यांनी आईला आमटी पुन्हा वाढायला सांगितली. मला कुणी काही म्हणालं नाही, कुणाला काही माहीतच नव्हतं, पण मला वाटत होतं की हे मी केलं, ह्या हातांनी. पुढच्या गुरुवारी अर्धीच्या जागी मी जेमतेम चुरा ठेवला. आणि त्याच्या पुढच्या गुरुवारी सकाळच्या गोळीच्या कडेलाही ब्लेड लावलं.

सुमी पडली ती निगडीच्या बस स्टँडवर, दुपारी कॉलेजातून येताना. शेजारची मुलगी बरोबर होती, तिनेच नंतर सांगितलं. सुमी बसमधून उतरली, पायरीवरून खाली पाय ठेवला आणि तशीच पुढे गेली. हनुवटी फुटपाथच्या कडेवर आपटली. समोरचा दात अर्धा तुटला, हनुवटी फाटली. लोक जमले, कुणी चप्पल हुंगवली, कुणी हातात किल्ली दिली. दप्तरातलं सामान पसरलं होतं ते बसच्या कंडक्टरने गोळा केलं आणि त्यानेच रिक्षा थांबवली. मी पहिल्या पाळीहून परत येत होतो. कंपनीची बस त्याच स्टँडबाहेर थांबायची. मी उतरलो तेव्हा तिथे कुणीतरी बादलीने पाणी ओतून फुटपाथ धूत होतं. मला कशाचीच कल्पना नव्हती, मी त्या पाण्यावरून उडी मारून घराकडे गेलो.

दवाखान्यात पोचलो तेव्हा टाके घालून झाले होते. तिचं तोंड सुजलं होतं आणि ती पुन्हा पुन्हा जिभेने तो अर्धा दात चाचपत होती. डॉक्टरांनी रक्त घेतलं. रिपोर्ट यायला बराच वेळ लागला. तोवर आम्ही चौघं एका लाकडी बाकावर ओळीने बसलो होतो, अण्णा, आई, सुमी, मी. रिपोर्ट बघून डॉक्टरांनी आम्हाला आत बोलावलं. "रक्तात औषधाचं प्रमाण फारच कमी आलंय," ते म्हणाले, आणि सुमीकडे बघितलं. "गोळ्या चुकवतेस ना?"

"नाही सर. रोज घेते."

"रोज घेतलीस तर एवढं कमी येत नाही."

ते आवाज न चढवता बोलत होते, आणि ते खरं बोलत होते. आम्ही पुन्हा बाकावर येऊन बसलो. आई पहिल्यांदा रडली आणि मग चिडली. "सांग की खरं. फेकून देतीस का? झोप येती म्हणून मोरीत टाकतीस का?"

"नाही आई. घेते मी."

"मग डॉक्टर खोटं बोलायलेत का? माझ्या गळ्याची शपथ घे."

सुमीने आईच्या गळ्याला हात लावायला उचलला आणि मध्येच थांबवला. तिच्या चेहऱ्यावर तेव्हा जे आलं ते मी कधी विसरलो नाही. भेंड्यांत अक्षर आल्यावर शब्द सापडत नसताना जे यायचं तेच, पण त्याहून फार खोल. ती हळू म्हणाली, "मला घेतल्याचं आठवतंय. पण ते कालचं आठवतंय का परवाचं, ते नाही सांगता येत. रोज सारखंच असतं ना." मग ती माझ्याकडे वळली. टाक्यांमुळे तिला तोंड नीट उघडता येत नव्हतं. "दादा, डबा तू बरोबर भरतोस ना?"

अण्णा माझ्याकडे बघत होते. आई बघत होती. वाटेत ट्रॉली आली म्हणून मी पाय आत घेतले. ट्रॉली निघून गेली.

"बरोबर भरतो," मी म्हणालो.

तिने मान हलवली. "मग मीच विसरले असणार," ती म्हणाली.

त्यानंतर घराला नवी कडी लागली, न दिसणारी. मसाल्याचा डबा आईने माझ्याकडून काढून घेतला. अर्धी गोळीही तीच कापायची, सुरीने, वेडीवाकडी पण पुरेपूर. ती सुमीला स्वतः गोळी भरवायची, पाणी पाजायची आणि "जीभ वर कर" म्हणायची. सतरा वर्षांची मुलगी तोंड उघडून उभी राहायची आणि आई आत बोट घालून बघायची. मी समोर भाकरी खात असायचो. रोज वाटायचं, आज सांगावं. आणि रोज दिसायचं की सांगितलं तर अण्णा काय करतील, आई काय म्हणेल, ओळीतल्या बाया कशा बघतील. आणि आतल्या आत असंही वाटायचं की आता फीट तर थांबल्यात, गोळी पुरी जातेय, मग सांगून कुणाचं भलं होणार? गुरुवार आला की मी मित्राकडे जायचं सांगून तळवड्यापर्यंत पायी जायचो आणि तसाच परत यायचो. त्या खोलीत माझ्या श्वासाला जागा नव्हती. सुमीला मात्र बाहेर जायची मुभा नव्हती, तिने श्वास तिथेच घेतला.

बारावी तिने दिली, पण विज्ञान सोडून पुढे कॉमर्सला गेली. अण्णांनी एका शब्दाने विचारलं नाही. तिने स्वतःच सांगितलं, "मला लक्षात राहत नाही अण्णा, इंजिनिअरिंगला कशी जाऊ?" ती पुन्हा भेंड्या खेळली नाही. आणि ती विचारायला लागली. "मी दार लावलं ना?" "मी मीठ घातलं ना?" "मी तुला सांगितलं होतं का हे?" सगळं तिने केलेलंच असायचं. दार लावलेलं असायचं, मीठ बरोबर असायचं. पण दुसऱ्या कुणी "हो" म्हटल्याशिवाय तिला ते झाल्यासारखं वाटत नसे. आम्ही सगळे त्याला गोळीचा परिणाम म्हणायचो. मीही म्हणायचो. घरात मी एकटाच होतो ज्याला माहीत होतं की गोळीचा परिणाम असला तर तो वेगळा. हा माझ्या उत्तराचा होता.

ती वर्षं सरली. दुसऱ्या डॉक्टरांनी गोळी बदलली, झापड गेली, हिरड्या बऱ्या झाल्या. तिचं लग्न झालं, मुलगी झाली. दात बसवला. आई गेली त्या शेवटच्या आजारपणात तिने मला जवळ बोलावून सांगितलं, "सुमीच्या गोळीवर ध्यान ठेव बाळा. ती इसरती." मी हो म्हणालो. माझं ते आणखी एक खोटं, आणि त्याबद्दल आता माफी मागायलाही कुणी नाही.

मी आता पन्नाशीला टेकलोय. चाकणलाच एका कारखान्यात क्वालिटीचं बघतो, आणि स्वतः सकाळी रक्तदाबाची गोळी घेतो. ती अर्धी करायची असली तर औषधवाल्याकडून करून आणतो. घरातलं ब्लेड मी गोळीला लावत नाही.

गेल्या महिन्यात सुमीच्या डोळ्यांसमोर एकदोनदा अंधारी आली म्हणून नव्या डॉक्टरबाईंना दाखवायला गेलो. त्यांचा दवाखाना ताथवड्याला, तिच्या मुलीच्या कॉलेजपासून जवळच. तिचा नवरा बाहेरगावी होता म्हणून गाडी घेऊन मी गेलो. डॉक्टरबाई शांत होत्या, त्यांच्याकडे वेळ होता. जुनं सगळं विचारताना सुमी म्हणाली, "माझी स्मरणशक्ती लहानपणीच गेली, मॅडम. बारावीला गोळ्या घ्यायला विसरायचे मी. त्यातनं मोठी फीट आली होती." तिने हनुवटीवरचा वण दाखवला. मी शेजारच्या खुर्चीत होतो. बाईंनी मग तिची परीक्षाच घेतली. शब्द सांगितले आणि थोड्या वेळाने परत विचारले, आकडे उलटे म्हणायला लावले, एक गोष्ट वाचून दाखवून ती पुन्हा सांगायला लावली. सुमीने सगळं सांगितलं. गोष्टीतल्या दुकानदाराच्या शर्टाचा रंगसुद्धा.

"अंधारीचं आपण बघू, पण स्मरणशक्ती उत्तम आहे हो तुमची," बाई म्हणाल्या. "माझ्यापेक्षा बरी."

"तुमच्या टेस्टला नाही कळायचं, मॅडम," सुमी हसून म्हणाली. "मला माहितीये ना."

खाली गाडीत बसलो. तिने पट्टा लावला आणि विचारलं, "फाइल घेतली ना मी?" फाइल तिच्या मांडीवर होती, दोन्ही हातांखाली. मी किल्ली लावली, पण फिरवली नाही. समोर बिल्डिंगच्या कामाला माती वाहणारा ट्रक मागे मागे येत होता, टूं टूं करत. तो थांबेपर्यंत मी थांबलो.

"सुमे," मी म्हणालो, "बारावीला तू एकही गोळी विसरली नव्हतीस."

"काय?"

"अर्धी गोळी मी लहान करत होतो. दर गुरुवारी थोडी थोडी. शेवटी शेवटी तर नुसता चुरा ठेवायचो, सकाळच्या गोळीचीही कड कापली. तुझं डोकं मंद होतंय असं वाटायचं मला. तू रोज घेत होतीस. मीच कमी देत होतो."

तिने लावलेला पट्टा सोडला. मला वाटलं आता दार उघडून उतरेल. मग ती म्हणाली, "मी विचारलं होतं तुला. अर्धी लहान दिसते म्हणून. तू म्हणालास, ब्लेड घसरलं. तुझ्या अंगठ्याला पट्टी होती."

अंगठ्याची पट्टी मला आठवत नव्हती. ती म्हणाल्यावर आठवली. शाफ्टची धार लागली होती.

"होती," मी म्हणालो.

"आणि दवाखान्यात?"

"दवाखान्यात मी घाबरलो. तू मला विचारलंस आणि मी खोटं बोललो. मग आई रोज तुझं तोंड उघडून बघायची आणि मी जेवत असायचो. तू स्वतःवरच संशय घ्यायला लागलीस, आणि मी तो घेऊ दिला. सुमे, गोळीची चूक माझ्या अकलेची होती. पण हे मी जाणूनबुजून केलं. आई गेली तरी करत राहिलो. याबद्दल मला माफ कर. नाही केलंस तरी चालेल, पण तुला खरं माहीत असू दे."

ती रडली नाही. फाइलचा कोपरा बोटाने सरळ करत राहिली. "आई तशीच गेली," ती म्हणाली. मग विचारलं, "सगळ्या घेतल्या होत्या मी?"

"सगळ्या."

"सकाळच्या पण?"

"सकाळच्या पण."

ती आयुष्यभर अशीच विचारत आली होती, आणि कितीदा तरी मी "अगं हो, किती वेळा विचारशील" म्हणून तिच्यावर खेकसलो होतो. तिने माझ्याकडे तोंड वळवलं. हनुवटीवरचा वण उन्हात पांढरा दिसत होता.

"परत सांग, दादा," ती म्हणाली.

"डबा मी बरोबर भरत नव्हतो, सुमे," मी म्हणालो. "तू काहीच विसरली नव्हतीस. मला माफ कर."